काकूंचा काउंटर: ठोका गिळणाऱ्या गाण्याची माणसं

काकू, नमस्कार. मी २४ वर्षांचा. घर आणि कारखाना दोन्ही अशोक चौकाच्या मागं. टर्किश टॉवेलचे आठ माग आहेत, रात्रपाळी मी बघतो. तीन वर्षांपूर्वी बेरियल ह्या लंडनच्या संगीतकाराचा ‘अनट्रू’ हा २००७ चा अल्बम ऐकला आणि तिथून मागं मागं जात एल-बी, ग्रूव्ह क्रॉनिकल्स, हॉर्सपॉवर प्रॉडक्शन्स इथपर्यंत पोचलो. १९९८ ते २००२ मधलं लंडनचं अंधारं टू-स्टेप गॅरेज नावाचं क्लबातलं संगीत, मला एवढंच ऐकायचं असतं. त्याच्या आधीचं नको, नंतरचं नको. घरात आम्ही तेलुगू बोलतो, कारखान्यात मराठी, हिंदी, कन्नड सगळं चालतं, पण ह्या गाण्याबद्दल बोलायला एकाही भाषेत माणूस नाही. गणपतीत मिरवणुकीआधी साउंड टेस्टिंग चालू होतं, तेव्हा मी एक ट्रॅक लावला. दोन मिनिटांत पोरं ओरडली, “काय बे, बेल्ट सरकला काय?” सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला जाऊन एक कार्यक्रमही बघून आलो. तिथं बेस म्हणून भलतंच काहीतरी चाललं होतं. मला मागाजवळ उभं राहिलं की हेच संगीत ऐकू येतं. मी वेडा आहे का? नसेन, तर माझ्यासारखे बाकीचे कुठं भेटतील?
‘ठोकाचोर’, अशोक चौक, सोलापूर

ठोकाचोरा, वेडा वगैरे नाहीस. मंडळातल्या पोरांनी तुला जे विचारलं तेच मी २००१ साली माझ्या कॅसेट डेकला विचारलं होतं.

तेव्हा आमच्या नवी पेठेतल्या दुकानात पुढं कॅसेट भरून द्यायचा माझा काउंटर आणि मागं ह्यांचं दुरुस्तीचं टेबल होतं. (कॅसेटी भरून देणं कायद्यात बसत नव्हतं, आता कबूल करायला काय हरकत आहे. अख्ख्या गावात तेच चालायचं.) भाचा कंपनीच्या कामानं लंडनला गेला तेव्हा मी त्याच्याबरोबर चकलीचा डबा दिला होता. दिवाळीला तो डबा परत आला, आत सहा कॅसेटी. तिथल्या चोरट्या रेडिओवरून त्यानं रात्री जागून भरलेल्या.

पहिली लावली. झांजेसारखी बारीक चिकचिक व्यवस्थित होती, टाळी वाजल्यासारखा सपकाही वेळेवर पडत होता, पण खालचा धुम्म मात्र एकदा यायचा आणि पुढचा गायब. मला वाटलं, हेड घाण झालं. काडीला कापूस गुंडाळला, स्पिरिटात बुडवून हेड पुसलं, पिंच रोलर पुसला. कापूस तांबूस झाला, म्हणजे घाण होतीच. पुन्हा लावली. पुन्हा तेच. ह्यांना हाक मारली, त्यांनी बेल्ट बदलला. तरी तेच. मग एका गिऱ्हाइकाची भजनाची कॅसेट त्यात घालून बघितली तर ती सरळ वाजली. काउंटरपलीकडं एक हलगीवाला उभा होता, त्याचा टेपरेकॉर्डर दुरुस्तीला आला होता. तो म्हणाला, “मशीन बरंय मावशी. त्यो बाबा मुद्दाम ठोका गिळतोय.” आणि माझ्या काचेवर बोटानं त्यानं नेमके ते गिळलेले ठोके वाजवून दाखवले, जिथं ते असायला हवे होते तिथं. काचेखालच्या कॅसेटी टकटक हलत होत्या. मी आयुष्यात एवढी चांगली शिकवणी दुसरी घेतली नाही.

इतर वाचकांसाठी दोन ओळी, नाहीतर तुझं-माझं गुपित होईल. लग्नात, वरातीत जे डान्सचं गाणं वाजतं त्यात चारही मात्रांवर धुम्म पडतो. धुम्म धुम्म धुम्म धुम्म, पाय बिनचूक. टू-स्टेपमध्ये तो पहिल्या मात्रेवर पडतो, दुसरीवर नाही, मग तिसरीच्या जरा मागंपुढं कुठंतरी डोकावतो. दुसरी आणि चौथी मात्रा सपक्याला दिलेली. वरची चिकचिक थोडी लंगडत, झोके घेत चालते. लय मिनिटाला १३० च्या आसपास, म्हणजे तशी जलदच, पण मधल्या मोकळ्या जागांमुळं संथ भासते. तबल्यातल्या खालीसारखं आहे का, असं कुणी विचारेल. डग्गा गप्प बसतो एवढ्यापुरतं आहे. पण खालीची जागा ठरलेली असते, गवई पंजा उघडून ती दाखवतोही. इथं कुणी काही दाखवत नाही, तुमचं तुम्ही भरायचं. मिरवणुकीत हे चालणार नाही रे राजा. लेझीम खेळणाऱ्याला दोन्ही पायांचा ठोका लागतो, तू एका पायाचा काढून घेतलास. पोरं चुकली नाहीत.

मागाबद्दल मात्र माझं तुझं जमत नाही. माझे वडील गिरणीत जॉबर होते, मागाचा आवाज मी पाळण्यात ऐकला. टर्किश टॉवेलचा माग चारात चालत नाही, तिनात चालतो. पहिले दोन आडवे धागे फणी पुरते ठोकत नाही, जरा अलीकडंच ठेवते. तिसऱ्याला तिन्ही मिळून दाबते, तेव्हा कुठं वरच्या सैल ताण्याचा लूप उभा राहतो. हलका, हलका, भारी. हे तुला सांगायला नको, रोज कापड तूच तपासतोस. मग तुला त्यात टू-स्टेप का ऐकू येतं? आठ माग एकदम चालतात आणि एकाचाही ठोका शेजाऱ्याशी जुळत नाही. त्या घोळातून तुझा कान आपल्याला हवे ते ठोके वेचतो. पहाटे चारला, झोप अनावर झाल्यावर, जास्तच वेचत असेल. एक दिवस सात माग बंद करून एकच ऐक आणि मला कळव.

आता माणसांचं. तू विचारतोस ‘बाकीचे कुठं भेटतील’, जणू ते कुठंतरी आधीच जमलेत आणि तुला फक्त पत्ता हवाय. ज्या गाण्यासाठी तू जीव टाकतोस त्याची माणसं तरी आधीपासून जमलेली होती का? लंडनच्या दक्षिणेला क्रॉयडन आहे. तिथं सरे स्ट्रीटवर भाजीबाजार भरतो, आपल्या लक्ष्मी मंडईची आठवण यावी असा. त्या रस्त्यावर बिग ॲपल नावाचं तबकड्यांचं दुकान होतं. काउंटरवर हॅचा नावाचा पोरगा, वरच्या मजल्यावर आर्टवर्क नावाच्या संगीतकाराची स्टुडिओची खोली, आणि दुकानात शाळा सुटली की रेंगाळणारी दोन पोरं, स्क्रीम आणि बेंगा. पुढं डबस्टेप म्हणून जे जगभर गाजलं त्याची बरीचशी बैठक त्या काउंटरवर झाली. तीस वर्षं काउंटरमागं बसलेल्या बाईला ह्यात नवल वाटत नाही. तबकडी घ्यायला पाच मिनिटं लागतात, माणूस तासभर थांबतो. का थांबतो? कारण काउंटरवर पुढचं गाणं लागणार असतं.

त्या काळी वरचं, उजेडातलं गॅरेज फार जोरात होतं. क्रेग डेव्हिड ह्या गायकाचं गाणं २०००मध्ये तिथल्या खपाच्या यादीत पहिलं आलं. क्लबांत शॅम्पेन, महागडे बूट, गोड गळ्याच्या बाया. त्याच तबकड्यांच्या मागच्या बाजूला एल-बीसारखी माणसं गळा काढून टाकत होती आणि खाली बेस सोडत होती. ह्या अंधाऱ्या बाजूसाठी २००१ साली सोहोतल्या वेल्व्हेट रूम्समध्ये फॉरवर्ड नावाची रात्र सुरू झाली, नंतर ती शोरडिचच्या प्लॅस्टिक पीपल ह्या तळघरात गेली. दोनेकशे माणसं मावतील एवढी जागा, दिवे जवळजवळ बंद, आणि आवाजाची यंत्रणा मात्र पहिल्या प्रतीची. सुरुवातीला यायची मोजकीच माणसं, त्यातही निम्मे स्वतःच वाजवणारे नाहीतर बनवणारे. म्हणजे ज्यांनी हे घडवलं तेसुद्धा एकमेकांचे श्रोतेच होते. २००५मध्ये ब्रिक्स्टनला एका चर्चच्या इमारतीत डीएमझेड नावाची तशीच रात्र सुरू झाली. वर्षभरात रांग एवढी लांबली की पहिल्या वाढदिवसाला खालच्या खोलीतून वरच्या मोठ्या दालनात जावं लागलं. पण ते वर्षभरानंतर.

भाच्याच्या कॅसेटींमध्ये अजून एक गंमत आहे. मधे मधे निवेदक एक मोबाईल नंबर ओरडून सांगतो. मला वाटलं जाहिरात. भाचा म्हणाला, नाही मामी, तो मिस्ड कॉल मागतोय. गाणं आवडलं की लोकांनी फोन करायचा आणि उचलायच्या आत तोडायचा. स्टुडिओतला फोन सारखा वाजायला लागला की डीजे तबकडी मागं फिरवून पहिल्यापासून लावायचा. संगीत नाटकातला वन्स मोअर, फक्त फुकटातला! उंच इमारतींच्या गच्चीवर लपवलेले ट्रान्समीटर, सरकारी माणसं ते जप्त करणार, ही मंडळी पुन्हा दुसऱ्या गच्चीवर बसवणार. रिन्स एफएम १९९४ पासून असंच चोरून चालत होतं, २०१० साली त्याला परवाना मिळाला. घरी एकट्यानं ऐकणाऱ्याला त्या मिस्ड कॉलमुळं कळायचं की आपल्यासारखे आणखी पंधरा-वीस जण आत्ता, ह्या मिनिटाला जागे आहेत. तुला खरं तर हेच हवंय, नाही का? रात्रपाळीच्या माणसाला ते जास्तच हवं असणार.

तर सोलापुरात ह्या चार वर्षांच्या गाण्याचे चाहते शोधत बसू नकोस. असतील तर चार असतील, नसतील तर नसतीलच. ऐकणारी माणसं शोध. माझ्या हलगीवाल्याला एल-बीचं नावही माहीत नव्हतं. आणि ते तुझं १९९८ ते २००२ चं सोवळं जरा सैल कर बाबा. माझ्या सासूबाईंचं सोवळं असंच होतं, शेवटी त्यांच्या हातचं त्या एकट्याच जेवायच्या. डबस्टेपमधला ‘डब’ हा शब्द कुठून आला ते तरी बघ. जमैकात किंगस्टनला किंग टबी नावाचा माणूस होता. धंदा रेडिओ आणि ॲम्प्लिफायर दुरुस्तीचा. तयार गाण्यातला गायक तो मध्येच काढून टाकायचा, ढोल-बेस पुढं आणायचा, उरलेल्या एखाद्या शब्दाला प्रतिध्वनीत सोडून द्यायचा. तुझ्या लंडनवाल्यांनी वस्तू काढून घेण्याची कला त्याच्याकडून उचलली. दुरुस्तीवाला होता हं! ही गोष्ट मी ह्यांना सांगितली तेव्हा दोन दिवस त्यांची मान ताठ होती. तर ज्याला टबी आवडतो त्याला तू एल-बी ऐकवू शकतोस. हलगीवाल्याला तर नक्कीच.

आणि फोनवर ऐकवू नकोस. त्या चिमुकल्या स्पीकरमधून ५० हर्ट्झचा बेस बाहेर पडतच नाही, लोकांना नुसती चिकचिक ऐकू येते आणि ते म्हणतात, ह्यात आहे काय? खालचा अर्धा माणूस कापून फोटो दाखवल्यासारखं आहे ते. मांडववाल्याचे बॉक्सही नकोत, ते मोठ्यानं वाजवण्यासाठी असतात. माझ्याकडं पंधरा इंची स्पीकर आहे, ह्यांनी १९ मिलिमीटरच्या प्लायवूडमध्ये बसवलेला, खोकं आतून गोधडीनं मढवलेलं. तो कोपऱ्यात ठेवला की भिंतींमुळं बेस वाढतो, आवाज फार मोठा करावा लागत नाही. फक्त वरच्या फळीवरच्या स्क्रूच्या बरण्या आधी खाली काढाव्या लागतात.

दुकान शनिवारी साडेआठला बंद होतं. येत्या महिन्यापासून दर शनिवारी पावणेनऊ ते पावणेदहा मी शटर अर्धं ओढून बसणार आहे. दहा वाजता आवाज बंद, तो नियम आहे आणि शेजारच्या वहिनींचा त्याहून कडक. तुझी रात्रपाळी किती वाजता सुरू होते ते ठाऊक नाही, पण एक शनिवार भावाला बसव मागावर. पेन ड्राइव्हवर दहाच गाणी आण, शंभर नकोत. माणसं आली नाहीत तरी पुढच्या शनिवारी यायचं. निदान सहा शनिवार. मधेच ‘कुणी येत नाही’ म्हणून बंद केलंस तर सातव्याला येणारा माणूस कुलूप बघून जाईल. काउंटर चालवताना हे मला फार महागात शिकावं लागलं. चहा माझा. कडक भाकरी आणि शेंगाचटणी कुणी आणली तर नाही म्हणणार नाही.

*

काकू, माझा मुलगा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. रोज रात्री दिवा मालवतो, हेडफोन लावतो आणि दोन-दोन तास तसाच पडून राहतो. काय ऐकतोस विचारलं तर म्हणतो, ‘डार्क गॅरेज’. मला आधी गाडी दुरुस्तीचं काही वाटलं. एकदा मी कानाला लावून बघितलं, भुताच्या सिनेमात पाऊस पडतोय असं वाटलं. मित्र कुणी घरी येत नाहीत. ह्यात काळजीचं काही आहे का?
एक आई, जुळे सोलापूर

ताई, तुमचं आणि वरच्या ठोकाचोराचं पत्र माझ्याकडं एकाच आठवड्यात आलं. तुमचं पाकीट फोडलं तेव्हा मी खुर्चीतून उठले आणि पुन्हा बसले.

गाडीबद्दल तुमचा अंदाज अगदीच चुकीचा नाही. न्यूयॉर्कमध्ये गाड्या ठेवायच्या एका जुन्या गॅरेजमध्ये पॅरडाइज गॅरेज नावाचा क्लब १९७७ ते १९८७ चालला. लॅरी लेव्हान तिथं तबकड्या लावायचा. त्याच्या वाजवण्यावरून ‘गॅरेज’ हे नाव पडलं, ते लंडनला गेलं, तिथं वेग वाढला, ठोके गळाले. ‘डार्क’ म्हणजे अभद्र असं काही नाही. उदास सूर, थोडे शब्द, भरपूर प्रतिध्वनी आणि खाली जाड बेस, एवढंच. भुताचं आणि पावसाचं तुम्ही नेमकं पकडलंत, कान चांगला आहे तुमचा. दिवा मालवणं हा त्या गाण्याचा रिवाजच आहे. प्लॅस्टिक पीपलमध्येही काळोख असायचा म्हणून वर लिहिलंय ना मी.

काळजी दोन गोष्टींची करा. एक, हेडफोनचा आवाज. शेजारी बसलेल्याला ऐकू येत असेल तर तो जास्त आहे, तेवढं बजावून सांगा. दुसरी, गाण्याबाहेर मुलगा कसा आहे? जेवतो का, कॉलेजात जातो का, हसतो का? तिथं काही बिघडलेलं दिसलं तर डॉक्टरांशी बोला, मी गाण्याची बाई आहे. ते ठीक असेल तर बाकी तो फक्त एकटा आहे, आणि ह्या गाण्यापुरतं एकटेपण कसं मोडायचं ते वरच्या पत्रात लिहिलंय. तुमचा पत्ता मी ठोकाचोराला देणार नाही, तुम्ही तशी परवानगी दिलेली नाही. पण हा अंक त्याच्या टेबलावर उघडा टाकून ठेवा. ‘काकूंनी बोलावलंय’ असं म्हणू नका, ह्या वयाची मुलं बोलावलं की येत नाहीत. नुसता उघडा ठेवा, हेच पान.

*

वडिलांच्या आवाजातली भारुडाची कॅसेट आहे, १९८८ ची. टेपवर पांढरी बुरशी दिसते. लावू का?
एक वाचक, मोहोळ

अजिबात लावू नका! बुरशी हेडला चिकटते आणि टेप ओढताना तुटते. कॅसेट कोरड्या, हवेशीर जागी ठेवा, उन्हात नको. कवच स्क्रूचं असेल तर उघडून रिळं दुसऱ्या कवचात घालता येतात, चिकटवलेलं असेल तर जपून कापावं लागतं. मग टेप मऊ कोरड्या कापडातून हळूहळू ओढून पुसायची, नाका-तोंडाला रुमाल बांधून. पहिल्यांदा वाजवतानाच संगणकावर भरून घ्यायची, दुसरी संधी मिळेल याचा भरवसा नसतो. इथं घेऊन आलात तर माझ्या टेबलावर करून देईन, दोन दिवस लागतील. शनिवारी संध्याकाळी मात्र आणू नका, डेक रिकामा नसेल.